आतलं तुमचं, बाटली फॅक्टरीची: जुन्या वळणाच्या सोड्याची पहिली ओळख

पुण्यात नोकरीला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात मी रास्पबेरी प्यायले आणि निघताना रिकामी बाटली पर्समध्ये टाकली. सुंदर होती, जाड काचेची; खिडकीत मनीप्लांट लावायला बरी पडेल असं वाटलं. गल्ल्यावरच्या शेठनी मान वर न करता विचारलं, "बाटली कुठे चालली?" मी म्हटलं, "पैसे दिलेत ना." तर म्हणाले, "आतलं तुझं, बाटली फॅक्टरीची." बाटली काढून टेबलावर ठेवली आणि लाल तोंडाने बाहेर पडले. रास्पबेरीमुळे जीभही लालच होती.

खरं तर नगरला आमच्या गल्लीत गोटी सोड्याची हातगाडी यायची. तिथे उभ्याउभ्या पिऊन बाटली परत द्यायची हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. टेबलखुर्ची आली की आपण विसरतो, एवढंच. पण शेठच्या त्या एका वाक्यात या पेयांचं सगळं गणित आहे. बाटली परत यायची असते, म्हणून ती टेम्पो सकाळी जाऊन संध्याकाळी परत येईल तेवढ्याच अंतरात फिरते. म्हणून पुण्याची पुण्यात मिळते, सुरतेची सुरतेकडे. म्हणून जाहिरात दिसत नाही, लेबल पुसट असतं, आणि 'तुमच्याकडे अमुक आहे का?' असं विचारल्याशिवाय कुणी पुढे करत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

सोबत काय ठेवाल

फार नाही. पर्समध्ये एक साधा ओपनर (हॉटेलात मिळतो, टपरीवर बहुधा दोरीला बांधलेला असतो, घरी मात्र ऐनवेळी सापडत नाही). सुटे पैसे, कारण डिपॉझिटचा हिशोब सुट्यांत चालतो. घरी नेणार असाल तर जाड कापडी पिशवी आणि तीन-चार जुनी वर्तमानपत्रं. डिपॉझिट भरलंत तर त्याची चिठ्ठी. नसेल देत तर मागून घ्या, निदान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि पांढरा शर्ट नको. हे मी गमतीने सांगत नाही.

१. आधी घराणं ओळखा

नवखी माणसं 'काहीतरी जुनं द्या' म्हणतात आणि जे हाताशी येईल ते पितात. मग आवडलं नाही की सगळ्यालाच नाव ठेवतात. तेव्हा आधी काय काय असतं ते समजून घ्या.

सगळ्यांचा मूळपुरुष साधा सोडा: पाणी, वायू आणि किंचित खारट चव. तो इथे रुजला तो गोऱ्या साहेबांच्या भीतीपोटी. छावणीतलं पाणी प्यायला ते घाबरत, आणि बंद बाटलीतलं फसफसणारं पाणी त्यांना भरवशाचं वाटे. जुन्या हिंदुस्थानीत सोड्याला 'बिलायती पानी' म्हणत. त्यामुळे सोड्याचे जुने कारखाने बंदरं आणि लष्करी छावण्यांच्या आसपास दिसतात, आणि आपल्याकडे त्यातले नावाजलेले बहुतेक पारशी-इराणी मंडळींनी काढलेले. मुंबईत पालनजी १८६५चं. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर खोदादाद इराणी यांनी १८८४ साली सुरुवात केली. मुंबईत डिनशाजी कुवरजी पांडोल यांनी १८८९ मध्ये ड्यूक्स काढलं. नाव ठेवलं ते क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून. ड्यूक्स १९९४ साली पेप्सीने विकत घेतलं. मुंबईतल्या माझ्या मावशीच्या वयाची माणसं अजून 'मँगोला' (ड्यूक्सचं आंब्याचं पेय) हा शब्द डोळे मिटून उच्चारतात.

रास्पबेरीपासून सुरुवात करावी असं माझं मत. लालभडक, गोड, नाकाला थोडी झणझणीत. या लाल पाण्याचं रास्पबेरी नावाच्या फळाशी नातं बहुतेक नावापुरतंच असतं. रंग आणि वास यांचा खेळ आहे. काही जणांना तिची चव खोकल्याच्या औषधासारखी लागते, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण पहिल्या दोन घोटांना मलाही तशीच लागली होती. तिसऱ्या घोटानंतर ठरवा. पारशी लग्नाच्या जेवणात रास्पबेरी हवीच, म्हणजे त्या समाजात ती आपल्याकडच्या मठ्ठ्यासारखी आहे: एरवी कुणी आठवण काढणार नाही, पण पंगतीत नसली तर बोलणी बसतील.

आईस्क्रीम सोडा मागितलात तर चमचा मागू नका. मी मागितला होता. त्यात आईस्क्रीम नसतं. व्हॅनिलाच्या वासाचा गोड सोडा असतो तो. वेटरने चमचा आणून दिला, हसला नाही, आणि तेच जास्त लागलं.

जिंजर ही माझी लाडकी. चांगली असेल तर गिळल्यावर घशात आल्याची धग राहते, वाईट असेल तर नुसतं साखरेचं पाणी. एखाद्या कारखान्याची पारख करायची तर त्याची जिंजर प्या. रास्पबेरीत दोष लपतात, जिंजरमध्ये लपत नाहीत.

जिरा, मसाला, लेमन, ऑरेंज ही मंडळी ओळखीचीच. आणि काचेतला थम्स अप? तो जुन्यात धरायचा का, यावर आमच्या ऑफिसात भांडणं होतात. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेलं तेव्हा पार्लेने तो आणला, आणि १९९३ मध्ये तो कोका-कोलाकडेच गेला. पेय तेच असलं तरी काचेतलं जास्त झणझणीत लागतं असं म्हणणाऱ्यांत मी आहे, आणि हा निव्वळ भास नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीतून वायू हळूहळू निसटत राहतो. काचेतून निसटत नाही. उन्हात पडून राहिलेली छोटी प्लास्टिकची बाटली आणि तेवढ्याच दिवसांची काचेची बाटली शेजारी ठेवून पिऊन बघा.

२. बाटली तुमच्याकडे येत नाही, तुम्ही तिच्याकडे जा

मॉलमध्ये शोधू नका. मोठ्या दुकानांना रिकाम्या बाटल्या सांभाळायचा कंटाळा असतो. शोधायचं ते पारशी-इराणी हॉटेलांत, जुन्या बेकऱ्यांत, रेल्वे स्टेशनजवळच्या कोल्ड्रिंक हाउसांत, आणि जिथे दारासमोर लाकडी किंवा प्लास्टिकचे क्रेट रचलेले दिसतात अशा घाऊक दुकानांत. क्रेट हीच पाटी समजा. पुण्यात कॅम्प आणि आसपासच्या पेठा. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे १९२३ सालचं हॉटेल पालनजीच्या रास्पबेरीसाठी प्रसिद्ध. पण ते दुपारच्या जेवणाचं हॉटेल आहे, संध्याकाळी फिरत फिरत गेलात तर बंद दार बघून परत याल. तिथल्या बेरी पुलावातल्या आंबट बेरी आणि बाटलीतली रास्पबेरी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनातल्या मनात जोडून मोकळी झाले होते.

विचारताना पेयाचं आणि कंपनीचं नाव दोन्ही सांगा. "शेठ, अर्देशीरची जिंजर आहे का?" असं विचारलंत तर माणूस फ्रीजच्या मागच्या रांगेत हात घालतो. "कोल्ड्रिंक काय काय आहे?" म्हटलंत तर पुढची रांगच मिळेल.

गोटी सोडा मात्र वेगळ्या वाटेने शोधावा लागतो. गावाकडे बाजाराच्या दिवशी, जत्रेत, एसटी स्टँडबाहेर; शहरात जुन्या मंडईच्या तोंडाशी. हल्ली 'सोडा पब' नावाची रंगीबेरंगी नळांची दुकानं गल्लोगल्ली निघालीत. मुलांना घेऊन जायला ती ठीक आहेत. तिथला वायू बाटलीत नाही तर यंत्रात भरतात, त्यामुळे इथल्या कुठल्याच पायऱ्या तिथे लागू होत नाहीत.

३. तोंडाला लावण्याआधी उजेडात धरा

परत येणारी बाटली म्हणजे शेकडो तोंडांना लागलेली बाटली. त्यात वावगं काही नाही, चहाच्या कपाचंही तेच आहे. पण धुतली कशी हे बघायला हवं.

बूच असलेल्या बाटलीत तळाशी काही तरंगतंय का ते उलटी करून बघा. बुचाच्या कडेला गंज आला असेल आणि तो बाटलीच्या तोंडावर उतरला असेल तर बदलून मागा. तोंडाची काच टवका गेलेली असेल तर अजिबात घेऊ नका, स्ट्रॉ घालूनही नको. काचेचा कण आत पडलेला असू शकतो. छापील माहितीत चौदा आकडी परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख आणि किंमत असायला हवी. काही बाटल्यांवर ही माहिती बुचावर बारीक अक्षरांत असते, तेव्हा उघडून बूच फेकण्याआधी वाचा.

गोटीच्या बाटलीवर पुष्कळदा लेबलच नसतं. तिथे डोळे आणि नाक हीच साधनं. गोटी बसते त्या मानेच्या कप्प्यात नेहमीचा ब्रश नीट पोचत नाही, म्हणून मळ साचला तर तिथेच साचतो. कप्पा हिरवट किंवा चिकट दिसला, किंवा आतलं रबराचं वायसर काळं पडून भेगाळलेलं दिसलं तर "नको काका, दुसरी द्या" म्हणायला लाजू नका. गाडीच्या बादलीतलं पाणी कसं आहे हेही जाता जाता बघून घ्या. बर्फाबद्दल माझा नियम साधा आहे: बर्फावर ठेवलेली बाटली चालते, बर्फ घातलेला सोडा चालत नाही.

किमतीतली मेख: दुकानदार 'कूलिंग'चे म्हणून छापील किमतीवर दोन-पाच रुपये जास्त मागतो. दुकानात असा आकार द्यायचं कारण नाही. हॉटेलात टेबलावर बसून प्यायलात तर मात्र मेन्यूतला दर लागतो, तिथे वाद घालू नका.

४. गोटी फोडायला शिका

'सोडा फोडणे' हाच शब्द. उघडणे म्हटलंत की गाडीवाल्याला कळतं, हे गिऱ्हाईक नवं आहे.

ही बाटली लंडनच्या हायरम कॉड नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघाली. तिचं पेटंट १८७२ सालचं. बूच कुजतं, सैल होतं, वायू जातो, यावर त्याने काढलेला उपाय असा की बुचाचं काम वायूकडूनच करून घ्यायचं. बाटली उलटी धरून भरतात. आतला दाब गोटीला तोंडातल्या रबरी कडीवर घट्ट दाबून धरतो, आणि दाब जितका जास्त तितकं झाकण पक्कं. विलायतेत पत्र्याची बुचं आल्यावर ही बाटली मागे पडली. आपल्याकडे टिकली. आजही उत्तर प्रदेशात हाथरसजवळ सासनीला या बाटल्या बनतात. जपानातही 'रामुने' नावाने ती जिवंत आहे, आणि ते नाव म्हणजे 'लेमनेड'चाच जपानी अवतार.

आता कृती.

बाटली टेबलावर किंवा गाडीच्या फळीवर ठेवा. हातात धरून, पोटाशी घेऊन फोडू नका. एका हाताने मान घट्ट धरा. लाकडी ढकलणं (मधे खुंटी असलेली वाटीसारखी टोपी) तोंडावर बसवा आणि तळहाताने एकच, सरळ, ठाम दाब द्या. भीत भीत हळू दाबलंत तर गोटी अर्धवट सरकते, फटीतून फवारा उडतो आणि निम्मा सोडा अंगावर येतो. 'टॉक्' आवाज आला की हात उचलू नका. तीन-चार सेकंद तसाच दाबून ठेवा, वरचा फेस खाली बसू द्या, मग टोपी काढा. माझी पहिली गोटी मी घरी पेन्सिलच्या मागच्या टोकाने ढकलली होती. पेन्सिल छताला लागली की नाही ते आठवत नाही, पण पंख्यावर सोडा होता. अंगठ्याने फोडणारे पोरगे गाडीवर दिसतात. ते रोजचे शंभर फोडतात, तुम्ही नाही.

पिण्यातही एक खुबी आहे. बाटली तिरपी केली की गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि वाट अडवते. बाटलीच्या मानेला एका बाजूने दोन खळगे दिसतील. पिताना ती बाजू खाली ठेवा. गोटी त्या दोन खळग्यांत अडकून बसते आणि सोडा सरळ येतो. ही गोष्ट मला वयाच्या तिसाव्या वर्षी एका सोडेवाल्या मावशींनी सांगितली. तोपर्यंत मी जिभेने गोटी मागे ढकलत होते.

लहान मुलांना गोटी हवी असते. द्यायची नाही. एक तर ती बाटली फोडल्याशिवाय निघत नाही, आणि निघाली तर घशात जाण्याच्या मापाची असते.

५. थंड किती?

जेवढं जमेल तेवढं, पण गोठवून नाही. थंड पाण्यात वायू जास्त मुरतो: ३० अंशांच्या पाण्यात जेवढा राहतो त्याच्या दुपटीहून अधिक वायू ० अंशाजवळच्या पाण्यात राहू शकतो. म्हणून कोमट बाटली उघडताच उतू जाते आणि मग पाच मिनिटांत निपचित होते. बाटली फ्रीजच्या मागच्या बाजूला रात्रभर ठेवा. घाई असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा.

फ्रीजरमध्ये 'दहा मिनिटांसाठी' ठेवू नका, कारण दहा मिनिटं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, वर आतला दाब, आणि काच. मटारच्या पाकिटांतून काचा वेचायला लागतात.

६. लिंबू सोडा मागताना

"गोड की खारा?" हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. पहिल्यांदा पिताय तर 'गोड-खारा मिक्स' म्हणा. सोडेवाला काय करतो ते नीट बघा: तो आधी ग्लासात लिंबू, साखरेचा पाक, काळं मीठ घालतो आणि मग बाटली फोडून वरून ओततो. घरी आपण उलटं करतो. भरलेल्या सोड्यात मीठ टाकतो, आणि ज्वालामुखी होतो. मिठाचा प्रत्येक कण वायूला बुडबुडा धरायला जागा देतो, त्यामुळे मुरलेला सगळा वायू एकदम बाहेर धावतो. मीठ तळाशी लिंबाच्या रसात विरघळलेलं असलं की एवढा दंगा होत नाही. ग्लास मात्र मोठा घ्या, आणि सोडा ग्लासच्या भिंतीवरून सोडा.

कोकणातले असाल तर अमृत कोकम आणि साधा सोडा हे वेगळं सांगायला नको. एकास चार हे प्रमाण मला जमतं, चिमूटभर जिरंपूड. कोकम सोडा तयार बाटलीतही मिळतो, पण घरच्या आगळाची आणि पाकाची सर त्याला नाही. गोव्यात उन्हाळ्यात उर्राकात (काजूच्या बोंडांची हलकी दारू) लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. तो विषय या लेखाच्या हद्दीबाहेरचा, पण लिम्काच्या बाटल्यांचे तिथले क्रेट बघून गैरसमज होऊ नये म्हणून सांगितलं.

७. कशाबरोबर, आणि किती

रास्पबेरीबरोबर तेलकट-खारट काहीतरी हवं: कटलेट, साली बोटी (पारशी पद्धतीचं मटण), नाहीतर सरळ बटाटावडा. मस्का पावाबरोबर ती फार गोड होते. मस्का पावाला चहाच बरा. जिंजर मटणाच्या जेवणानंतर. आईस्क्रीम सोडा एकटाच प्या, त्याला कुणाची सोबत सोसत नाही.

साखरेचं बोलून टाकते. २०० मिलीच्या गोड बाटलीत साधारण वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चहाचे पाच सपाट चमचे. घरात मधुमेह असेल तर साधा सोडा, लिंबू आणि काळं मीठ हा उत्तम मार्ग आहे. (आणि बीपी असेल तर मीठही बेतानंच.) 'सोडा प्यायला की पचतं' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य, ढेकर येते ती बाटलीतल्या वायूची असते, जेवण होतं तिथेच असतं. ॲसिडिटीच्या त्रासात तर फसफसणारं पेय उलट त्रास वाढवू शकतं.

८. घरी न्यायचं तर

इथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. आधी दुकानदाराला विचारा की बाटली 'रिटर्न'ची आहे की नाही. हल्ली काही कंपन्या तीच पेयं न परतीच्या काचेत किंवा प्लास्टिकमध्येही भरतात. रिटर्नची असेल तर डिपॉझिट किती, ते परत कधीपर्यंत मिळेल, आणि याच दुकानात द्यायची का, हे तीन प्रश्न. तिसरा विसरू नका. मी एकदा सहा रिकाम्या बाटल्या घेऊन तीन दुकानं फिरले, प्रत्येकाचं उत्तर एकच, "आमच्या नाहीत." बाटल्या हुबेहूब त्याच होत्या, पण हिशोब ज्याचा त्याच्याकडे असतो. आणि एका कंपनीची बाटली दुसरीच्या क्रेटमध्ये बसत नाही, म्हणून मिसळून नेऊ नका.

नेताना प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळा, उभी ठेवा, एकमेकींवर आपटू देऊ नका. मे महिन्यात भरलेल्या बाटल्या एसटीच्या वरच्या फळीवर ठेवून मी पुण्याहून नगरला निघाले होते. शिरूरच्या पुढे 'फट्' झालं. खाली बसलेल्या आजोबांच्या टोपीवर रास्पबेरी सांडली आणि त्यांना वाटलं रक्तच आलं. सगळी बस उभी. सुदैवाने काच पिशवीतच राहिली होती. आजोबांनी उरलेल्यातली एक बाटली पिऊन मला माफ केलं. धडा असा की सीटखाली, सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचं. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवायचं नाही. विमानाने न्यायचा विचार सोडून द्या.

घरी उन्हापासून दूर ठेवा. लाल आणि केशरी रंग खिडकीत महिनाभरात फिके पडतात आणि चवही पडते. वाइनसारखं मुरवायचं हे पेय नाही. आणलं की दोन आठवड्यांत संपवा, म्हणजे बाटल्याही वेळेत परत जातील.

९. गाव बदललं की पेय बदला

परगावी गेलात की 'आपलं' तिथे शोधत बसू नका, तिथलं मागा. काही नावं सांगून ठेवते.

सुरतेला सोस्यो. १९२३ साली अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी ते काढलं, विमटो या विलायती पेयाला स्वदेशी उत्तर म्हणून. सफरचंद-द्राक्षाच्या वळणाची, किंचित आंबवल्यासारखी चव. पहिल्या घोटाला 'हे बिघडलंय का?' असं वाटतं. बिघडलेलं नसतं. आता रिलायन्सचा त्यात हिस्सा आहे, त्यामुळे ते सुरतेबाहेरही दिसू लागलंय.

तमिळनाडूत बोवोंटो: काळीमार्क या १९१६ सालच्या कंपनीचं, द्राक्षाच्या वासाचं, कोलासारखं दिसणारं. आणि तिथे 'पन्नीर सोडा' दिसला तर दचकू नका. त्यात पनीर नसतं. तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. मी मदुराईत तो दोन दिवस टाळला आणि तिसऱ्या दिवशी तीन प्यायले.

दक्षिणेतच 'नन्नारी' नावाचं सरबत गोटी सोड्यात घालून देतात. नन्नारी म्हणजे आपली अनंतमूळ, उपळसरी. आजीच्या बटव्यातली ती सुगंधी मुळी. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तिथली 'रूट बिअर' पहिल्यांदा चाखल्यावर मलमाची बाटली आठवते, आणि ज्यांनी नन्नारी प्यायलेली असते त्यांना ती ओळखीची वाटते. दोन्ही मुळांच्या वासाची पेयं, एकमेकांच्या लांबच्या नात्यातली. रूट बिअरमध्ये दारू नसते, हे घरी फोटो पाठवण्याआधी आईला सांगून ठेवा.

दिल्लीला गोटी सोडा म्हटलंत तर कुणाला कळणार नाही. तिथे तो 'बंटा'. काळं मीठ आणि लिंबू घालून देतात, आणि उन्हात चांदणी चौकात तो आपल्या खाऱ्या सोड्यापेक्षा सरस लागतो, असं नगरकर असून मी म्हणते. परदेशात असाल तर आशियाई किराणा दुकानात रामुने मिळेल. त्याच्या टोपीतच ढकलणं दिलेलं असतं, कृती चौथ्या पायरीतलीच. खळगे तिथेही आहेत. फक्त ती बाटली कुणी परत मागत नाही. माझ्या भावाच्या न्यू जर्सीच्या खिडकीत अशा सात रांगेने उभ्या आहेत, आणि त्यातल्या एकीत मनीप्लांट आहे.